आठ आठवड्यांचा ख्रिस्ती लेखनवर्ग : माझा अनुभव
ख्रिस्ती लेखकांसाठीचा हा ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. घ्यावा का, असं विचाराल तर हो, जरूर घ्या.

दुसऱ्या आठवड्यात मी पेत्र या शिष्याने प्रभू येशूला ओळखत नाही म्हणून नाकारलं त्या प्रसंगावर लेख दिला होता. मार्गदर्शिकेने तिसऱ्या परिच्छेदाला लाल रेघ मारून समासात लिहिलं, "इथून तुम्ही पेत्राला सोडलंत आणि वाचकाला उपदेश करू लागलात." डोळ्यांत पाणीच आलं, कारण ते खरं होतं. मग त्यांनी चारही शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या जीवनावरची चार पुस्तकं, शेजारी ठेवून वाचायला लावली. पेत्राने नाकारल्यावर कोंबडा आरवल्याचं चौघेही लेखक सांगतात. पण प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं, हे फक्त लूक लिहितो (२२:६१). त्या एका नजरेवर मी अख्खा लेख नव्याने लिहिला. प्रार्थनेला बसल्याशिवाय त्यातली एक ओळही सुचली नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या प्रस्तावनेवरचा पाठही असाच मनात राहिलाय. सगळ्याचा मुळापासून शोध घेऊन क्रमवार लिहितोय, असं तो ज्याला उद्देशून लिहितो त्या थियफिलाला सांगतो. तेव्हापासून कुठलंही वचन मी आठवणीतून टाकत नाही, उघडून बघते.

वाचक वाढवण्यावरचे शेवटचे दोन आठवडे मात्र खटकले. शीर्षकांच्या क्लृप्त्या भरपूर, पण वाचकांचे आकडे बघताना मन प्रभूपासून कसं सरकतं यावर चकार शब्द नाही. मी स्वतःपुरतं ठरवलंय, सकाळचं मनन होईपर्यंत आकडे उघडायचे नाहीत.

रेकॉर्डिंगचा आवाज बारीक आहे, हेडफोन लागतोच.