अर्पणाच्या भांड्यावर नाव घालताना: सोलापुरातल्या सेवेबद्दल

देवळाला समई, मठाला पातेलं किंवा अन्नदानासाठी ताटं द्यायची तर सोलापुरात भांड्यांच्या दुकानातच नाव घालून मिळतं. काम झटपट होतं. दर अक्षरावर असतो, त्यामुळे मजकूर आटोपशीर ठेवलेला बरा. कमी पडते ती शुद्धलेखनाची तपासणी, आणि ती गिऱ्हाइकालाच करावी लागते.

स्टीलवर विजेच्या पेनाने टिंबं पाडत अक्षर काढतात. हात जरा घसरला की नको तिथे अनुस्वार उमटतो, आणि स्टीलवर पडलेलं टिंब काही पुसता येत नाही. रफार तर फार वेळा गळतो. ‘स्मरणार्थ’चं ‘स्मरणाथ’ होतं. ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ हवं असेल तर ‘ति’ ऱ्हस्व, ‘प्री’ दीर्घ, असं कागदावर ठळक लिहून द्या. आधी भांड्यावरच मार्करने लिहून घ्या, मोठ्याने वाचा, मगच मशीन लावू द्या.

पितळेच्या जाड भांड्याला मात्र छिन्नी-हातोडीचंच काम सांगावं. चिंच-मिठाने घासून घासून पेनाची उथळ अक्षरं बुजत जातात, छिन्नीचा चर टिकतो. पातळ पत्र्यावर छिन्नी नको, पोचा येतो. नाव बाहेरून, काठाखाली दोन बोटं सोडून घ्यावं. बुडाला काजळी धरते, आत कल्हई होते. दोन्हीकडे अक्षर वाया जातं.

उपाधी स्वतःहून सांगा, कारण ‘कै.’ सगळ्यांना चालत नाही. लिंगायत घरात ‘लिं.’, म्हणजे लिंगैक्य, लिहितात. शहराच्या पूर्व भागात तेलुगूतून किंवा अक्कलकोटकडच्या मंडळींना कन्नडमधून मजकूर हवा असेल, तर ती लिपी वाचणाराच कारागीर गाठा. नुसतं बघून उतरवलेल्या अक्षराची वळणं हमखास बिघडतात.

इंग्रजी पाटीत घोळ सर्वांत जास्त. ‘डेडिकेटेड टू’पुढे देवाचं किंवा ज्यांना अर्पण केलं त्यांचं नाव येतं, ‘डेडिकेटेड फॉर’ चूक. दिवंगतांच्या आठवणीसाठी सरळ ‘इन मेमरी ऑफ’ लिहावं आणि देणाऱ्याचं नाव ‘डोनेटेड बाय’पुढे, वेगळ्या ओळीत. एकट्या ‘डेडिकेटेड बाय’खाली दोन्ही नावं घातली की गेलेला माणूसच देणगीदार ठरतो, आणि घरच्यांना ते वाचवत नाही.

लग्नसराईत किंवा संक्रांतीच्या सुमाराच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या तोंडावर हे काम घाईत उरकून घेऊ नका. बरीच ताटं असतील तर पहिलं तयार झालेलं हातात घेऊन वाचा, मग बाकीची करायला सांगा.