ब्रिटनमधली ड्रायव्हिंग टेस्ट : तारीख बदलावी की रद्द करून नव्याने घ्यावी?

टेस्ट जवळ आली आणि नेमकं भारतात जायचं ठरलं, किंवा तयारी कच्ची असल्याचं इन्स्ट्रक्टरने स्पष्ट सांगितलं. अशा वेळी डीव्हीएसएच्या (ड्रायव्हिंग टेस्ट घेणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर दोन पर्याय असतात : तारीख बदला, किंवा टेस्ट रद्द करा. टेस्ट कधीतरी द्यायचीच असेल, तर आमचं मत सरळ आहे : बदला, रद्द करू नका. (हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरतं. उत्तर आयर्लंडची यंत्रणा वेगळी आहे.)

पैशांच्या बाबतीत दोन्ही पर्याय जवळपास सारखेच. कारच्या टेस्टची फी आठवड्याच्या दिवशी 62 पौंड; संध्याकाळी, शनिवार-रविवारी किंवा सार्वजनिक सुट्टीला 75 पौंड. वेळेत रद्द केलीत तर पूर्ण परत मिळते, वेळेत बदललीत तर तीच फी नव्या तारखेला लागू होते. ‘वेळेत’ म्हणजे पूर्ण 10 कामाचे दिवस आधी. एप्रिल 2025 पूर्वी हीच मुदत 3 दिवसांची होती, त्यामुळे जुन्या ओळखीपाळखीतून मिळालेला सल्ला इथे महागात पडतो. मोजताना तुम्ही कळवता तो दिवस धरायचा नाही आणि टेस्टचा दिवसही नाही. शनिवार कामाचा धरतात. रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या वगळतात. टेस्ट गुरुवारी असेल, तर तिच्या 13 दिवस आधीच्या शुक्रवारपर्यंत निर्णय व्हायला हवा. मध्ये ईस्टर किंवा नाताळ आला तर आणखी आधी.

खरा फरक आहे तो जागेचा. तारीख बदलताना नवी तारीख पक्की होईपर्यंत जुनी तुमच्याच नावावर राहते. लॉग-इन करायचं (प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा क्रमांक आणि बुकिंगचा संदर्भ क्रमांक लागतो), रिकाम्या तारखा बघायच्या आणि सोयीची नसली तर काहीही न बदलता बाहेर पडायचं. रद्द केलीत की तो स्लॉट त्या क्षणी सुटतो आणि परत मागता येत नाही. मग रांगेच्या शेवटी उभं राहायचं. बुकिंग जास्तीत जास्त 24 आठवडे पुढचं मिळतं, आणि गर्दीच्या सेंटरवर तेवढ्या पुढच्या तारखाही भरलेल्या असतात.

बदलण्यालाही मर्यादा आहे. पूर्वी एकच बुकिंग सहा वेळा बदलता यायचं. ती संख्या दोनवर आणण्याचा निर्णय नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाला. म्हणून दोनच बदल हातात आहेत असं धरून चाला. जरा लवकरची तारीख दिसली म्हणून एक बदल खर्च करू नका. दुसरा आजारपणासाठी राखून ठेवा. आणि बदलण्याआधी इन्स्ट्रक्टरला विचारा. त्याची गाडी त्या वेळेला मोकळी नसेल, तर मिळालेली तारीख फुकट जाते.

मग रद्द करणं कधी शहाणपणाचं? ब्रिटन सोडून जात असाल तेव्हा. बदल संपले असतील तेव्हा. किंवा थिअरी टेस्टची (प्रत्यक्ष टेस्टच्या आधी द्यावी लागणारी नियमांची परीक्षा) मुदत संपत आली असेल तेव्हा. थिअरी पास केल्यापासून 2 वर्षांत प्रत्यक्ष टेस्ट पास व्हावी लागते. त्या मुदतीत बसणारी तारीखच मिळत नसेल, तर थिअरी (23 पौंड) पुन्हा देऊन मगच बुकिंग करावं लागतं.

भारतीय लायसन्सवर गाडी चालवणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करायला हवा. ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून 12 महिनेच ते लायसन्स चालतं. नवी तारीख त्यापलीकडे गेली, तर मधल्या काळात एकट्याने गाडी चालवता येणार नाही : एल-प्लेट (शिकाऊ चालकाची ‘L’ पाटी) लावायची, आणि शेजारी 21 वर्षांवरची, किमान 3 वर्षं पूर्ण लायसन्स असलेली व्यक्ती हवी.

10 दिवसांची मुदत हुकली असेल, तर ऐन वेळी गैरहजर राहण्यात काहीच हशील नाही, फी जातेच. आजारपण किंवा घरातला मृत्यू असं कारण असेल, तर पुराव्यासह डीव्हीएसएकडे दाद मागता येते. बर्फ किंवा धुक्यामुळे त्यांनीच टेस्ट रद्द केली, तर पुढची तारीख तेच देतात, पण इन्स्ट्रक्टरचा खर्च भरून मिळत नाही. तयारी कमी आहे एवढंच कारण असेल तर जाऊन द्या. फी तशीही गेलेली आहे. मात्र नापास झाल्यावर पुढची टेस्ट किमान 10 कामाच्या दिवसांनंतरचीच मिळते.

आणि रद्द करून बसलाच असाल, तर सोमवारी सकाळी 6 वाजता (ब्रिटिश वेळ) संकेतस्थळावर हजर राहा; नव्या आठवड्याच्या तारखा तेव्हाच खुल्या होतात. आधी मिळेल ती लांबची तारीख घ्या. पुढे दिवसातून दोनदा डोकवा, विशेषतः दोन-अडीच आठवडे पुढच्या तारखा बघा : फी वाचवायला लोक त्याच सुमारास स्लॉट सोडतात. जवळची, इन्स्ट्रक्टरला जमणारी तारीख दिसली, की तिथे एक बदल खर्च करायला हरकत नाही.