रुग्णांना नोंदी खुल्या करणारे पोर्टल: दोन वर्षांच्या वापरानंतर

रुग्णाला स्वतःच्या नोंदी मोबाइलवर वाचता याव्यात म्हणून आम्ही दोन वर्षांपूर्वी दवाखान्यासाठी एक पोर्टल घेतले. तेव्हा मला धास्ती होती ती फोनची. प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारायला लोक दिवसभर फोन करतील आणि तपासणीचा वेळ त्यातच जाईल, असे वाटत होते. २०१० मध्ये अमेरिकेत बोस्टन, पेनसिल्व्हेनिया आणि सिएटल येथील शंभराहून अधिक डॉक्टरांनी आपली टिपणे वर्षभर रुग्णांना खुली केली आणि मुदत संपल्यावर त्यांपैकी एकानेही ती बंद केली नाही, हे वाचूनही माझी धास्ती गेली नव्हती. फोन वाढले खरे, पण टिपणांमुळे नव्हे. ते वाढले तपासण्यांच्या अहवालांमुळे, आणि तो दोष पोर्टलच्या रचनेचा आहे.

टिपणांचा भाग मात्र उत्तम आहे. प्रत्येक टिपणाखाली दुरुस्ती सुचवण्याची सोय आहे आणि ती नावापुरती नाही. गुडघेदुखीसाठी आलेल्या एका बाईंच्या नोंदीत मी डाव्याऐवजी उजवा गुडघा लिहिला होता. त्यांनी त्याच संध्याकाळी ते कळवले आणि एक्स-रे काढण्यापूर्वी चूक सुधारली गेली. जुनी नोंद पुसली जात नाही, तर कोणी, कधी व काय बदलले हे तिच्याशेजारी दिसत राहते, ही या सेवेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

माझी लिहिण्याची पद्धतही बदलली. आम्हा डॉक्टरांच्या टिपणांत 'रुग्ण मद्यपान नाकारतो' असे सर्रास लिहिले जाते. ते वाचून एका आजोबांनी मला विचारले, "डॉक्टर, मी खोटं बोलतोय असं वाटतं का तुम्हाला?" तेव्हापासून मी 'दारू घेत नाहीत' एवढेच लिहितो. दम लागण्यासाठी वापरले जाणारे 'एसओबी' हे इंग्रजी संक्षेपही सोडून दिले, कारण तीच अक्षरे इंग्रजीत शिवी म्हणून वाचली जातात.

आता अहवालांविषयी. प्रयोगशाळेने मंजुरी देताच, मग रात्रीचे साडेअकरा का वाजलेले असेनात, अहवाल रुग्णाच्या मोबाइलवर पोहोचतो आणि मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा लाल दिसतो. या मर्यादा बहुधा अशा आखलेल्या असतात की शंभरांतील पंचाण्णव निरोगी माणसे त्यांत बसावीत. म्हणजे परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा लाल येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. पोर्टल हे कुठेही सांगत नाही; किंचित बाहेरचा आणि धोकादायक अशा दोन्ही आकड्यांना ते एकाच रंगात रंगवते. याहून वाईट म्हणजे, एका रुग्णाने गाठीच्या तुकड्याच्या अहवालातील 'पॉझिटिव्ह' हा शब्द शुभ समजून घरी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांना कर्करोग असल्याचे सांगावे लागले.

यावर अहवाल सरसकट रोखून धरावेत, असे मी म्हणणार नाही. अनेकांना वाट पाहणेच अधिक जड जाते. परंतु अहवाल लगेच हवा की डॉक्टरांशी बोलल्यावर, हे चाचणीच्या वेळीच रुग्णाला विचारता यायला हवे. ही मागणी आम्ही कंपनीकडे केली, तेव्हा ती पुढच्या आवृत्तीत येईल असे उत्तर मिळाले. त्यानंतर तीन आवृत्त्या येऊन गेल्या.

नातेवाइकांसाठी वेगळे खाते आहे. मात्र एखादी नोंद त्यांच्यापासून झाकण्याची सोय नाही. सासूबाईंच्या मोबाइलवरूनच आपल्या नोंदी पाहणाऱ्या एका सुनेने, त्या सासूबाईंनाही दिसतील म्हणून, आपल्या नैराश्याच्या गोळ्या नोंदीत लिहू नका, अशी मला विनंती केली. त्या गोळ्या न लिहिणे वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचे होते, म्हणून अखेर तिचे खाते तिच्या स्वतःच्या क्रमांकावर नव्याने उघडून दिले, आणि त्यात स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याचा पाऊण तास गेला.

यंदा आम्ही कराराचे नूतनीकरण तीन वर्षांऐवजी एकाच वर्षासाठी केले आहे आणि अहवालांच्या वेळेची अट त्यात लेखी घातली आहे.