दिवा एकदा घेतला की झालं, पाण्याकडे मात्र रोज बघावं लागतं: बेळगावातल्या घरात ग्रो लाइट वापरल्यावर

मातीशिवाय, खत मिसळलेल्या पाण्यात आणि दिव्याच्या उजेडात पालेभाजी वाढवायचा सेट गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतला, त्याने आता एक उन्हाळाही काढलाय, म्हणून लिहितेय. सेटमध्ये दोन बाय चार फुटांच्या मांडणीवर बसणारा एलईडी पॅनेल, झाकणाला भोकं असलेले वीस-वीस लिटरचे दोन टब, फिश टँकला लावतात तसला हवेचा पंप, जाळीच्या कुंड्या आणि खताच्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्या. शहापुरातलं आमचं घर दोन्ही अंगांनी शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेलं. मधल्या खोलीत ऊन म्हणून येत नाही, तिथेच हे मांडलंय.

आधी दिव्याचं सांगते, ते लवकर आटपेल. खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलंय, प्लगला मीटर लावून बघितलं तर ओढतो ९८ वॅट. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे तो ‘इक्विव्हॅलंट’ आकडा आहे. असले आकडे सोडून द्या. प्रत्यक्ष किती वॅट ओढतो आणि वॅटमागे किती मायक्रोमोल (झाडाच्या कामाचा उजेड मोजायचं एकक) उजेड देतो, एवढं दोनच विचारा. दुसरं उत्तर २.५ च्या पुढे असेल तर घ्यायला हरकत नाही. आणि पांढऱ्या उजेडाचाच घ्या. त्यात झाडाला लागणारा निळा आणि लाल दोन्ही असतात. जांभळ्या दिव्याखाली पीकही येतं, पण पान पिवळं पडतंय की हिरवं आहे हे कळायला दिवा बंद करावा लागतो.

पानांच्या उंचीवर मोबाइलचं उजेड मोजायचं लक्स अ‍ॅप धरलं तर १४,००० च्या आसपास दाखवतं. पांढऱ्या एलईडीला त्याला ७० ने भागायचं, म्हणजे सेकंदाला साधारण २०० मायक्रोमोल. सोळा तास चालवला की दिवसाचे साडेअकरा मोल होतात. लेट्यूस, बेसिल, पालक यांना तेवढं पुरतं. टोमॅटोला याच्या दुप्पट लागतं, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. फिरवायच्या चकतीचा टायमर इथे कामाचा नाही. वीज गेली की तो थांबतो आणि आली की तिथूनच पुढे सरकतो. जुलैत आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. दिवा हळूहळू पुढे सरकत पार मध्यरात्रीपर्यंत जळायला लागला तेव्हा समोरच्या काकू विचारत्या झाल्या, “काय गे, लग्नघर हाय काय तुमच्यात?” आता आतल्या बॅटरीवर वेळ धरून ठेवणारा डिजिटल टायमर लावलाय.

विजेचा हिशोब असा. महिन्याला ४७ युनिट जातात, युनिटला सहा रुपये धरले तरी पावणेतीनशेच्या वर. पण इथे गृहज्योतीची, म्हणजे कर्नाटकातल्या मोफत विजेच्या योजनेची, गोम आहे. २०२२-२३ चा आपला सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढेच युनिट माफ, वरच्या युनिटचे पैसे पडतात आणि एकूण २०० च्या पुढे गेलं की सगळंच बिल अंगावर. आधीच १७० जाळणाऱ्या घराने हा दिवा लावण्याआधी बिल काढून बघावं. माझा महाराष्ट्रातल्या चंदगडचा मावसभाऊ म्हणतो, “आमच्याकडं ती भानगडच नाही, सगळंच भरायचं!”

आता पाणी. पॅनेल चांगला की वाईट हे एकदा ठरतं, पाणी दर दोन महिन्यांनी बदलतं. आमच्या नळाला राकसकोप धरणाचं पाणी, ते बऱ्यापैकी मऊ. नळ लांबला की बोअर. बोअरच्या पाण्यात खत टाकण्याआधीच ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) ०.९, आणि लेट्यूसला सगळं मिळून हवा १.२ च्या आसपास. म्हणजे खताला जागाच उरत नाही. शिवाय त्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच (आम्लतेचा आकडा, आम्ल जितकं कमी तितका तो जास्त) रोज वर चढतो. तो ६.५ च्या वर गेला की लोह असूनही झाडाला घेता येत नाही, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लिंबू पिळून पीएच उतरतो खरा, पण जंतू ते आम्ल खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत आकडा परत जागेवर. फॉस्फोरिक आम्लाचे थेंब टिकतात. ते नेहमी पाण्यात टाकायचं, त्यावर पाणी ओतायचं नाही.

सगळ्यात उत्तम पाणी पागोळ्यांचं. पहिले दोन-तीन पाऊस कौलं धुऊन जाऊ द्यायचे, मग पिंप लावायचं. ईसी जवळपास शून्य. त्यात थोडं बोअरचं मिसळलं की कॅल्शियमचीही सोय होते. ‘ए’ आणि ‘बी’ मात्र पाण्यात वेगवेगळेच ओता, एकत्र केलेत की कॅल्शियम आणि सल्फेटचा पांढरा गाळ तळाशी बसतो. मीटर घेताना टीडीएसवर जाऊ नका, तो ईसीलाच गुणून काढलेला अंदाज असतो आणि कशाने गुणायचं ते प्रत्येक मीटरचं वेगळं. ईसी १.२ असलेलं तेच पाणी एक मीटर ६०० दाखवतो, दुसरा ८४०.

पावसाळ्यात हवा ओली, त्यामुळे झाडं पाणी कमी पितात आणि खत ओढत राहतात. ईसी उतरतो, म्हणून भर घालताना अर्ध्या ताकदीचं खतपाणी. उन्हाळ्यात उलट, तेव्हा नुसतं पाणी. ऑगस्टमध्ये लेट्यूसच्या अगदी आतल्या, नखाएवढ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरतडल्यागत दिसायला लागल्या. खत वाढवून उपयोग नव्हता. पाण्यात कॅल्शियम होतं, पण दमट हवेत पानातून पाणी उडत नाही, मग ते कोवळ्या टोकापर्यंत चढतच नाही. टेबलावरचा छोटा पंखा वरून सोडला, नवी पानं नितळ आली.

एप्रिलमध्ये टबातलं पाणी २९ अंशांवर गेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होतात. टबाभोवती ओलं गोणपाट गुंडाळल्याने दोन-तीन अंश उतरले, बेसिलला तेवढं पुरलं, लेट्यूस गेलंच. एक वळीव पडला की दोन दिवस बरं, मग परत तेच. झाकणाच्या फटीतून उजेड गेला की आत शेवाळं धरतं, तिथे काळी चिकटपट्टी लावा. हवेचा पंप पाच वॅटचा आहे, तो इन्व्हर्टरवर घ्या. दिवा चार तास बंद राहिला तर काही बिघडत नाही.

मेथी, कोथिंबीर यासाठी हे घेऊ नका. गणपत गल्लीत ताजी पेंडी मिळते त्या भावात हे कधीच बसणार नाही. बेसिल, लेट्यूस, पुदिना रोज लागत असेल आणि घरात ऊन नसेल तर घ्या. सेटबरोबर आलेलं खत संपल्यावर तेच परत मागवायची गरज नाही, सुट्टं कॅल्शियम नायट्रेट, पाण्यात विरघळणारं एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) आणि मॅग्नेशियम सल्फेट, सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी, बरंच स्वस्त पडतं. टब बदलताना निघालेलं पाणी मी परसातल्या कढीपत्त्याला घालते.