योग्यकर्ता : मे की नोव्हेंबर?

शाळेत नोकरी असली की लांबच्या प्रवासासाठी महिने दोनच उरतात. उन्हाळ्याची सुट्टी, नाहीतर दिवाळीची. बायको आणि मी दोघंही शिक्षक, त्यामुळे इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं योग्यकर्ता आम्ही दोन्ही सुट्ट्यांत पाहिलं. आधी नोव्हेंबरमध्ये आणि काही वर्षांनी मेमध्ये. दोन्ही वेळा आई बरोबर होती. शाळेतल्या तीन-चार जणांनी अलीकडे विचारलं की कधी जावं, म्हणून हे लिहितोय. व्हिसा, विमान, हॉटेल हे तुम्ही शोधलेलंच असणार, मी फक्त महिन्यांबद्दल बोलतो.

आधी हवा. हे गाव विषुववृत्ताच्या दक्षिणेला, पावणेआठ अंशांच्या आसपास. दुपारचा पारा बाराही महिने तिशीच्या थोडा इकडेतिकडे, त्यामुळे आपल्यासारखा हिवाळा-उन्हाळा तिथे नाही. एक कोरडा ऋतू आणि एक ओला. मेमध्ये कोरडा सुरू होतो, नोव्हेंबरमध्ये ओला. सांगलीच्या मे महिन्यातून तिथे उतरलं की सुटल्यासारखं वाटतं. घाम येतो, नाही असं नाही, पण संध्याकाळी वारा सुटतो आणि पहाटे पातळ चादर ओढून घ्यावीशी वाटते. पुढे जून ते ऑगस्ट हा पहाटेचा गारवा वाढत जातो, त्याला जावानी लोक ‘बेदिदिंग’ म्हणतात. नोव्हेंबरमध्ये मात्र अंघोळ करून बाहेर पडावं आणि पाच मिनिटांत सदरा पाठीला चिकटावा, अशी गत. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो. ती सगळी तापलेली जमीन आणि त्यावर पहिला पाऊस. आपल्याकडे मृगाच्या आधी जीव घाबरा होतो, तसंच.

पावसाचं म्हणाल तर तो दिवसभर लागून राहत नाही. आमच्या सहा दिवसांत चार दिवस आला, चारही दिवस दुपारी. सकाळी लख्ख ऊन, दोन-अडीचला मेरापी ज्वालामुखीच्या बाजूने आभाळ काळं व्हायचं आणि मग धो धो. मालिओबोरो रस्त्यावर आम्ही बेचाकमध्ये होतो. ही तिथली सायकलरिक्षा, माणसं पुढे आणि चालवणारा मागे. पाऊस सुरू होताच त्याने आमच्यासमोर जाड प्लास्टिकचा पडदा सोडला. आत आमचा श्वास कोंडून पडद्यावर वाफ धरली, बाहेरचे दिवे नुसते पिवळे डाग झाले आणि पायाशी पाणी साचायला लागलं. मागे बेचाकवाला भिजत पॅडल मारत होता. आईला ते सहन होईना, तिने त्याला थांबायला लावलं आणि एका दुकानाच्या वळचणीला तो आणि आम्ही पाऊण तास उभे राहिलो. त्याची मला तक्रार नाही, पावसाळी गावात जाऊन पावसावर रुसायचं कशाला?

नोव्हेंबरच्या पारड्यात घालायच्या गोष्टी खऱ्याच आहेत. जावामध्ये आंब्याचा हंगाम आपल्या दिवाळीच्या सुमारास असतो. लक्ष्मीपूजन होऊन चार दिवस झाले नाहीत तोच ताटात आंबा, हे सुख मी दुसरीकडे कुठे घेतलेलं नाही. त्यांच्या आरुमानिसला हापूसचा वास नाही, पण गोडी चांगली आहे. रंबुतान हे लिचीसारखं फळही तेव्हाच यायला लागतं. मेरापीच्या उतारावर होणारं सालाकही आम्हाला तेव्हाच जास्त ताजं मिळालं. हे सापाच्या कातडीसारख्या सालीचं, करकरीत फळ. गर्दीही कमी होती. बोरोबुदुर या प्रचंड बौद्ध स्तूपाच्या वरच्या गच्च्यांवर दिवसाला १,२०० जणांनाच सोडतात आणि सोमवारी वर चढू देत नाहीत, तरी नोव्हेंबरमध्ये आम्हाला आदल्या दिवशी जागा मिळाली. मेमध्ये तीच जागा दोन आठवडे आधी धरून ठेवावी लागली.

खाण्यात महिन्याने फरक पडत नाही. गुदेग कधीही खा. कच्चा फणस नारळाच्या दुधात आणि माडाच्या गुळात तासन् तास शिजवतात, रंग यावा म्हणून सागाची पानं घालतात. फणसाच्या भाजीवर वाढलेल्या माणसाला पहिला घास फार गोड लागेल, तिसऱ्यानंतर जमतं. शाकाहारी असाल तर एवढं लक्षात ठेवा: सोबत जो तिखट क्रेचेक वाढतात तो जनावराच्या कातडीचा असतो आणि साध्या दिसणाऱ्या शेंगदाण्याच्या चटणीतही ‘तेरासी’, म्हणजे आंबवलेली कोळंबी, असू शकते. आईसाठी आम्ही दर ठिकाणी विचारून घ्यायचो.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला ती सांगतो.

आम्ही योग्यकर्त्याला गेलो ते मुख्यतः प्रंबाननसाठी. नवव्या शतकातलं हे देवळांचं संकुल, मधलं शिवमंदिर ४७ मीटर उंच. योग्यकर्ता हे नावच अयोध्येवरून आलं असं सांगतात, आणि प्रंबाननच्या कठड्यांवर सगळं रामायण कोरलेलं आहे. पूर्वेच्या पायऱ्या चढून डावीकडे वळायचं, देव उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा सुरू करायची, की डाव्या हाताच्या कठड्यावर कथा आपल्याबरोबर चालायला लागते. वानरसेना सेतू बांधून समुद्र ओलांडते तिथे शिवमंदिराचा फेरा संपतो आणि पुढची कथा शेजारच्या ब्रह्मदेवाच्या देवळावर जाते. आईने हे कुणी न सांगता वाचलं. पश्चिमेच्या गाभाऱ्यात गणपती आहे, त्याच्यासमोर ती बराच वेळ उभी होती.

या देवळाच्या सोबतीने रात्री रामायणाचं नृत्यनाट्य होतं, १९६१ पासून. त्यात संवाद नाहीत, गामेलान या जावानी वाद्यवृंदाचे सूर आणि गाणं आहे, सीतेला तिथे ‘सिंता’ म्हणतात, लक्ष्मणाला ‘लेस्मना’. ओपाक नदीच्या पलीकडे उघडं रंगमंच आहे आणि नाचणाऱ्यांच्या मागे उजळलेली देवळं दिसतात. निघण्याआधी सहा महिने मी आईला हेच सांगत होतो. मागे खरंखुरं देऊळ आणि पुढे राम. आमच्या प्रवास कंपनीनेही ‘हो, असतं की’ म्हणून पैसे घेतले होते. तिथे पोचल्यावर कळलं की उघड्यावरचा प्रयोग मे ते ऑक्टोबरपर्यंतच असतो, पावसाळ्यात तो आतल्या थिएटरात होतो.

प्रयोग चांगला झाला. नाच तोच, वाद्यं तीच. पण डोक्यावर छप्पर, बाजूला भिंती. अडीचएक तास बसून आम्ही बाहेर आलो तेव्हा पाऊस पडत होता आणि सगळीकडे काळोख. आई छत्री धरून उभी राहिली आणि म्हणाली, “देऊळ कुठल्या बाजूला रे?” मी हात करून दाखवलं. तिकडे काहीच दिसत नव्हतं.

मला तो प्रश्न फार लागला. तिने तक्रार केली असती तर बरं झालं असतं. ती परत हॉटेलवर जाऊन शांतपणे औषध घेऊन झोपली. पुन्हा जायचं ते मेमध्येच, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

मेमध्ये आम्ही वैशाखी पौर्णिमा धरून गेलो. तिथे तिला ‘वैसाक’ म्हणतात. मेंदुत आणि पावोन या दोन देवळांवरून बोरोबुदुरपर्यंत भिक्खूंची मिरवणूक निघते आणि त्या दिवशी तिकडची वाट माणसांनी भरून जाते. प्रंबाननला आम्ही दुसऱ्या रात्री गेलो. दगडी पायऱ्यांवर बसलो तेव्हा समोर तिन्ही शिखरं उजेडात होती. साडेसातला प्रयोग सुरू झाला आणि थोड्या वेळाने चंद्र शिखरांच्या मागून वर आला. प्रेक्षकांची तोंडं पूर्वेला असतात, त्यामुळे हे आपोआप जुळून येतं. जटायू पडला तेव्हा आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. हनुमानाने लंका पेटवली तेव्हा गवताच्या खऱ्याखुऱ्या पेंढ्या पेटल्या, धग पहिल्या काही रांगांपर्यंत आली, आणि ज्वाळांच्या वर ते देऊळ तसंच उभं. तिने या वेळी काही विचारलं नाही.

मेचे तोटेही ऐकून ठेवा. तिथल्या शाळांच्या सहली निघालेल्या असतात. मालिओबोरोवर बसगाड्यांची रांग आणि देवळात पोरांचे थवे. ती इंग्रजीचा सराव करायला तुम्हाला गाठतात, मला शिक्षक म्हणून ते आवडलं, सगळ्यांना आवडेलच असं नाही. २०२६ ते २०२८ या तीनही वर्षी बकरी ईद मेमध्येच येते, त्या दिवसांत गाड्या भरलेल्या असतील. विमानही आम्हाला मेमध्ये महाग पडलं. आणि मेमध्ये पाऊस मुळीच येत नाही असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. सर आलीच तर प्रयोग ऐन वेळी आत हलवतात. म्हणून एक रात्र हाताशी राखून ठेवा, म्हणजे दुसऱ्या प्रयोगाला जाता येईल. महिन्याच्या सुरुवातीपेक्षा दुसरा पंधरवडा मला जास्त भरवशाचा वाटतो, पण हा माझा एका खेपेचा अंदाज.

फळं, सामसूम आणि पावसाने हिरवी झालेली खाचरं हवी असतील, किंवा तुम्ही केवळ बोरोबुदुरसाठी जात असाल, तर नोव्हेंबरने तुमचं काही बिघडणार नाही. देवळं सकाळी उरकायची आणि दुपारी छपराखाली बसायचं. घरात रामायण ऐकत मोठं झालेलं कुणी बरोबर असेल तर मात्र मी मेच म्हणेन.

आणि ज्यांना दिवाळीशिवाय रजाच नाही, त्यांनी पंचांग बघावं. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे उघडं रंगमंच हुकलं. २०२७ मध्ये ते २९ ऑक्टोबरला आहे, सुट्टी आधी लागली तरच जेमतेम साधेल. २०२८ मध्ये मात्र १७ ऑक्टोबरलाच आहे. उकडेल खूप, पण रंगमंच तेव्हा बहुधा उघड्यावरच असेल. तिकीट काढण्याआधी त्या वर्षीचं वेळापत्रक मात्र स्वतः बघा, आमच्यासारखं दुसऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. आणि आई-वडील बरोबर असतील तर शाल आणि बसायला एक जाडसर घडी ठेवा, रात्री त्या दगडी पायऱ्या गार पडतात.