गाडीत नसलेला सेन्सर बदलल्याचे पैसे घेतले

फ्लेक्स-फ्युएल गाडी (पेट्रोल आणि इथेनॉलच्या कमी-जास्त मिश्रणावर चालणारी) असेल तर हे वाचाच. एका मेकॅनिकने माझ्याकडून इथेनॉल सेन्सर बदलल्याचे पैसे घेतले आणि माझ्या गाडीत तो सेन्सर मुळात नाहीच.

टाकीत १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल होतं, तरी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) इथेनॉलचा आकडा ७० दिसायला लागला. सकाळी गाडी लवकर सुरू होईना आणि झाली की काळा धूर. "सेन्सर गेलाय," मेकॅनिक म्हणाला. संध्याकाळी त्याने जुना पार्ट म्हणून काहीतरी हातात ठेवलं, स्कॅनरवर १० दाखवले. माझा विश्वास बसला. दोनदा पेट्रोल भरलं आणि आकडा परत वर!

दुसऱ्या मेकॅनिकने खरं काय ते सांगितलं. काही गाड्यांत इंधनाच्या नळीवर खरोखर सेन्सर असतो, तो इंधनाचा विद्युत गुणधर्म मोजून प्रमाण सांगतो. माझ्यासारख्या गाड्यांत मात्र कॉम्प्युटर अंदाज बांधतो. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं. म्हणून पेट्रोल भरल्यानंतर धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर 'इंधन कमी पडतंय' म्हणाला, की कॉम्प्युटर समजतो इथेनॉल वाढलं. माझ्या गाडीत हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढचा रबरी पाइप चिरला होता. तिथून न मोजलेली हवा आत जात होती, तिलाच गाडी इथेनॉल समजत होती. आणि थंड इंजिनात ऑक्सिजन सेन्सर तापेपर्यंत सगळं त्या चुकीच्या आकड्यावरच चालतं, म्हणून सकाळी पेट्रोल जास्त पडायचं.

पहिल्या मेकॅनिकने फक्त कॉम्प्युटरने शिकलेले आकडे पुसले होते. इतकंच. ही गोष्ट मला अजून खुपते, कारण त्याला ते नक्की माहीत होतं.

सेन्सर बदला असं कोणी म्हणालं, तर आधी तो गाडीत कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला लावा. इंधनही तपासता येतं : मापाच्या काचेच्या नळीत १० मिली पाणी, ९० मिली पेट्रोल, हलवून स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १९ मिलीच्या आसपास आला तर इथेनॉल १० टक्के. हे उघड्यावर करा, जवळपास आग नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

पाइप बदलल्यावर पाच वेळा टाकी भरली आहे. आकडा १० वरून हललेला नाही.