केप टाउनमधील गुलामांच्या इतिहासाची पायी सहल: मुक्तिपत्र आणि कायदा यांतला फरक

केप टाउनला जाणारे आपल्याकडचे बहुतेक पर्यटक टेबल माउंटन आणि पेंग्विन पाहून परततात. आम्ही उभयतांनी मात्र एक सकाळ राखून ठेवली होती, ती शहराच्या जुन्या भागात गुलामांच्या इतिहासावर घडवल्या जाणाऱ्या पायी सहलीसाठी. अशा सहली तिथे अनेक जण चालवतात; आमचा अनुभव त्यांपैकी एकीचा आहे. सहल घ्यावीच, असे माझे मत आहे. पण मालकाने एकेका गुलामाला दिलेले मुक्तिपत्र आणि गुलामीच संपवणारा कायदा यांतला फरक घरूनच समजून घेऊन जावा लागेल.

सुरुवात स्लेव्ह लॉज या वास्तूपासून होते. डच ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या मालकीचे गुलाम ठेवण्यासाठी १६७९ मध्ये ती बांधली. आज तिथे संग्रहालय आहे. १६५२ ते १८०८ या काळात केपला सुमारे ६३,००० माणसे गुलाम म्हणून आणली गेली आणि त्यांपैकी साधारण चौथा हिस्सा बंगाल, मलबार, कोरोमंडल अशा आपल्या किनाऱ्यांवरचा होता. आई-वडिलांनी ठेवलेले नाव पुसले जाई आणि गावाऐवजी अख्खा मुलूखच आडनावासारखा चिकटे: अमुक ‘व्हान बेंगाले’, तमुक ‘व्हान मलबार’. संग्रहालयातल्या, गुलामांची नावे कोरलेल्या उजळत्या खांबापाशी वाटाड्याने आम्हाला ती मोठ्याने वाचायला लावली. माझा आवाज तिसऱ्या नावालाच अडखळला.

याच ठिकाणी त्याने अँजेला व्हान बेंगाले हिची हकिगत सांगितली आणि ती सहलीचा सर्वोत्तम भाग होती. बंगालमधून आणलेली ही स्त्री केपचा पहिला प्रमुख यान व्हान रीबेक याच्या घरात होती. पुढे ती दुसऱ्या मालकाकडे विकली गेली आणि त्या मालकाने केप सोडताना, १६६६ मध्ये, तिला तिच्या तीन मुलांसह मुक्त केले. ‘मुलांसह’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण दासीच्या पोटी आलेले मूल दासच ठरे आणि आईच्या सुटकेने आधी जन्मलेले मूल आपोआप सुटत नसे. १६६९ मध्ये तिने एका मुक्त डच वसाहतकाराशी विवाह केला. आज स्वतःला गोरे म्हणवणाऱ्या कित्येक आफ्रिकानेर (मुख्यतः डच वसाहतकारांच्या वंशातल्या) कुटुंबांची ती मूळ आजी आहे.

अशा वैयक्तिक सुटकेला इंग्रजीत ‘मॅन्युमिशन’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘हातातून सोडणे’. सोडणारा हात मालकाचा असल्यामुळे अटीही त्याच्या आणि कंपनीच्याच असत. कंपनीचा आयुक्त व्हान रेडे याने १६८५ मध्ये लॉजमधील गुलामांसाठी असा नियम घातला की युरोपीय पित्याच्या मुलाला २५ व्या आणि मुलीला २२ व्या वर्षी मुक्ती मागता यावी, मात्र डच भाषा आणि ख्रिस्ती धर्म आत्मसात केलेला असावा. हाच व्हान रेडे मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या महाग्रंथाचा कर्ता, ज्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी ब्राह्मणांचे प्रमाणपत्र देवनागरी लिपीत छापलेले आहे. वाटाड्याला हे ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा त्याने वहीत टिपून घेतले, याचे मला कौतुक वाटले.

तक्रार चर्च स्क्वेअरमधली आहे. तिथे २००८ मध्ये उभारलेल्या ११ ग्रॅनाइट शिळांच्या स्मारकापाशी वाटाडा १८३४ विषयी बोलताना ‘तेव्हा सर्वांना मुक्तिपत्रे मिळाली’ असे म्हणाला. ही गंभीर गफलत आहे. १ डिसेंबर १८३४ रोजी अमलात आला तो ब्रिटिश कायदा. त्याने गुलामीच संपवली, एकेका मालकाची मर्जी लागली नाही. त्यानंतरही चार वर्षे ‘उमेदवारी’च्या, म्हणजे शिकाऊ कामाच्या, नावाखाली जुन्याच धन्याकडे राबावे लागले, म्हणून खरी सुटका १ डिसेंबर १८३८ ची, आणि नुकसानभरपाई मिळाली ती धन्यांना. मुक्तिपत्राने एक माणूस सुटे आणि व्यवस्था अभंग राहत असे, हा भेद सहलीभर ठसवला जायला हवा होता.

परतताना मला नारदस्मृतीतला विधी आठवत राहिला: धन्याने दासाच्या खांद्यावरचा पाण्याचा घट घेऊन फोडावा, अक्षता आणि फुले घातलेले पाणी त्याच्या मस्तकावर शिंपडावे, ‘अदास’ असे तीनदा उच्चारावे आणि त्याला पूर्वेकडे तोंड करून सोडावे. तिथेही दुसरा दास घट वाहतच राहतो.

व्यावहारिक बाबी: चालणे बेताचे आहे, ज्येष्ठांना जमेल, आग्नेयेचा वारा मात्र जोरदार असतो. संग्रहालयाला दिलेला अर्धा तास अपुरा आहे, म्हणून नंतर स्वतंत्रपणे पुन्हा जावे. आमची सहल बो-काप वस्तीच्या अलीकडेच संपली. तुम्ही तिथल्या डॉर्प स्ट्रीटवरच्या ‘अव्वल’ नावाच्या मशिदीपर्यंत नेण्याचा आग्रह धरा. ती ज्या जागेवर उभी आहे, ती कोरिडॉन व्हान सेलॉन या मुक्त झालेल्या गुलामाच्या मालकीची होती आणि मशिदीसाठी ती त्याच्या मुलीने, सार्ची व्हान द काप हिने दिली.